आडवी पडलेली शिडी: वॉर्सातले सात दिवस

दिवस पहिला, गुरुवार

लेक वॉर्सात नोकरीला लागून तीन वर्षं झाली. "बाबा, या की एकदा" हे तिचं दर फोनला असायचं आणि "लगीनसराई जाऊ दे, दिवाळी जाऊ दे" हे माझं. शेवटी तिनं डाव बदलला. एक जाडजूड पुस्तक कोल्हापूरच्या पत्त्यावर पाठवलं आणि म्हणाली, "दुकानदाराची गोष्ट आहे. वाचा, म्हणजे आपणहून याल."

पुस्तकाचं नाव 'लाल्का', म्हणजे बाहुली. लेखक बोलेस्वाव प्रुस. 1887 ते 1889 या काळात वॉर्सातल्या एका दैनिकात ते क्रमशः आलं आणि 1890 साली पुस्तक म्हणून निघालं. पोलंडमध्ये ते शाळेत लावलेलं असतं, त्यामुळे लेकीच्या ऑफिसात निम्म्यांचा त्यावर जीव आहे आणि निम्म्यांना अजून परीक्षेची स्वप्नं पडतात. मी डेव्हिड वेल्श यांचं इंग्रजी भाषांतर गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, चार महिने पुरवून वाचलं.

गोष्ट 1878-79 सालची. स्तानिस्वाव वोकुल्स्की हा वॉर्सातला व्यापारी. बाप नावाचा खानदानी, पण कोर्टकज्ज्यात बुडालेला, म्हणून पोरगा एका दारूच्या दुकानात नोकर. शिकला, रशियन राजवटीविरुद्धच्या 1863 च्या उठावात सामील झाला, सैबेरियात काळं पाणी भोगून आला, दुकानाच्या विधवा मालकिणीशी लग्न केलं, आणि रशिया-तुर्कस्तान युद्धात फौजेला माल पुरवून गडगंज झाला. नाटकाच्या थिएटरात त्याला इझाबेला वेंत्स्का दिसली. सरदार घराण्यातली, देखणी, बाप कर्जात गळ्यापर्यंत. तिथून या शहाण्या माणसाचं डोकं फिरलं ते फिरलंच.

पितृपक्षात कापडाला गिऱ्हाईक नसतं. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं निघालो. बायकोनं पुस्तक वाचलं नव्हतं, ते तिनं विमानात उघडलं. उतरेपर्यंत शंभर पानं झाली होती. मला एकच वाक्य म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष आहे, ते मला अजून कळलं नाही."

पोलिश लोक शहराला वर्षावा म्हणतात. आम्ही उतरलो तेव्हा पाऊस नव्हता.

दिवस दुसरा, शुक्रवार

क्राकोव्स्के प्शेदमिएश्चे. हा शब्द मला दुपारपर्यंत जमला नाही. वॉर्साचा हा राजरस्ता राजवाड्यापासून निघतो. कडेला चर्च, विद्यापीठ, वाडे. होली क्रॉस चर्चच्या एका खांबात संगीतकार शोपँचं हृदय ठेवलेलं आहे. पण आम्हाला जायचं होतं 4/6 नंबरच्या इमारतीकडे.

भिंतीवर पाटी आहे. लेकीनं वाचून सांगितली: या घरात 1878-79 मध्ये स्तानिस्वाव वोकुल्स्की राहत होता, प्रुसनं 'लाल्का' कादंबरीत निर्माण केलेलं पात्र, 1863 च्या उठावातला, सैबेरियाला हद्दपार झालेला, व्यापारी, दानशूर, जन्म 1832. जे कधी जन्मालाच आलं नाही त्याची जन्मसालासकट पाटी! आणि समोर सात नंबरला दुसरी पाटी, वोकुल्स्कीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या नोकराची, इग्नात्सी झेत्स्कीची. या पाट्या मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या. युद्धात गेल्या, नंतर परत लावल्या. 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर पद्धतशीर जाळलं आणि सुरुंग लावून पाडलं. रस्त्यावरची बरीचशी 'जुनी' घरं म्हणजे नंतर उभारलेली आहेत. खऱ्या माणसांच्या घरांसोबत खोट्या माणसांची घरंही यांनी पुन्हा बांधली.

सात नंबरला पुस्तकांचं दुकान आहे, प्रुसच्याच नावाचं. मी आत गेलो आणि सवयीनं आधी काउंटर, मग मांडणी, मग मागची खोली कुठे असेल ते बघितलं.

मागच्या खोलीचं कारण असं. झेत्स्की दुकानामागच्या एका खोलीत पंचवीस वर्षं राहतो. खिडकीला गज, जुनं सामान, एका डोळ्याचा पूडल कुत्रा. तरुणपणी 1848 मध्ये हंगेरीच्या बाजूनं लढला, त्याच्या जिवावर अजून नेपोलियनच्या घराण्याची वाट बघतोय. सकाळी दुकान उघडायच्या आधी हजर, रात्री कुलूप लावून शेवटचा. शोकेस सजवायचं काम त्याचं. रविवारी एकटा असला, की दुकानातली चावीची खेळणी टेबलावर मांडायची, सगळ्यांना चावी द्यायची आणि ती नाचताना बघत बसायचं. चावी संपली की खेळणी थांबतात, मग हा चिडतो, सगळ्या बाहुल्या म्हणून. कादंबरीत मधूनमधून त्याच्या डायरीची प्रकरणं येतात, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव तिथे आहे.

आमच्या दुकानात दिवाणजी होते. आजोबा पाठीवर गाठोडं टाकून खेडोपाडी कापड विकायचे, तेव्हापासूनचे. दुकान झालं, माडी झाली, वडील गल्ल्यावर बसले, मी बसलो. दिवाणजी माळ्यावर झोपायचे. शोकेसमधल्या पुतळीला साडी नेसवायचं काम त्यांनी शेवटपर्यंत कुणाला करू दिलं नाही, आणि नेसवताना आधी शटर अर्धं खाली ओढून घ्यायचे. बाईमाणसाला चारचौघांत कसं नेसवायचं, म्हणून. प्लास्टिकची पुतळी! आम्ही पोरं हसायचो. झेत्स्कीचं प्रकरण गल्ल्यावर वाचत होतो तेव्हा शोकेसकडे बघवेना.

पुस्तकाच्या दुकानातून मी 'लाल्का'ची पोलिश प्रत घेतली. एक अक्षर वाचता येत नाही. बायको म्हणाली, "दिवाणजींनी असली खरेदी बघितली असती तर?"

जेवायला एका मिल्क बारमध्ये गेलो. नावात दूध असलं तरी ही स्वस्त जेवणाची खाणावळ, कम्युनिस्ट काळात फोफावलेली. खिडकीशी चिठ्ठी द्यायची, ताट उचलायचं. बायको माळकरी, म्हणून बटाटा आणि पांढऱ्या चीजचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, मागवले. ताटात वरून तळलेला कांदा होता, आणि कांद्यात बारीक तपकिरी काहीतरी. तिनं चमच्यानं एक कण बाजूला काढला, नाकाशी नेला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. डुकराच्या चरबीचे तुकडे, त्याला 'स्क्फार्की' म्हणतात. लेक विसरली होती. पुढचे पाच दिवस बायकोला पोलिशमधलं एकच वाक्य पाठ होतं, 'बेझ स्क्फारेक', म्हणजे ते नको. तिनं ते एकदा कॉफीच्या दुकानातही म्हणून टाकलं.

प्रुसचा पुतळा याच रस्त्याच्या कडेला एका छोट्या बागेत आहे, 1977 सालचा. फिरायला निघालेल्या माणसासारखा उभा. त्याला मोकळ्या जागांची आणि उंचीची भीती वाटायची. त्याच माणसानं या शहराचा गल्लीन्‌गल्लीचा नकाशा कादंबरीत उतरवला.

दिवस तिसरा, शनिवार

आज चढउतार. वॉर्सा सपाट वाटतं, पण व्हिस्तुला नदीच्या बाजूला एक मोठी उतरण आहे. वर क्राकोव्स्के, खाली पोविश्ले, म्हणजे नदीकाठची वस्ती. वोकुल्स्की पुस्तकाच्या सुरुवातीला ही उतरण उतरतो. वर त्याचं दुकान, खाली कचऱ्याचे ढीग, कुजकी घरं, आजारी माणसं. अर्ध्या वाटेवर थांबून तो खाली बघतो आणि त्याला ती वस्ती शिडीसारखी दिसते: एक दांडा म्हणजे दोब्रा रस्ता, दुसरा दांडा वरच्या बाजूच्या गल्ल्या, आणि मधल्या आडव्या बोळांच्या पायऱ्या. पण शिडी जमिनीवर आडवी पडलेली. तिच्यावरून चढून कुणी कुठेही पोचणार नाही.

वर्गभेदावर लिहिलेली पानंच्या पानं या एका शिडीपुढे फिकी आहेत. आणि पुस्तकात आणखी एक शिडी आहे. वोकुल्स्की पोरगा असताना होप्फरच्या त्या दारूच्या दुकानात नोकर होता. दिवसा वाढायचं, रात्री पुस्तकं. गिऱ्हाइकांना हा शिकणारा नोकर म्हणजे करमणूक. एकदा तो तळघरात उतरल्यावर कुणीतरी गमतीनं शिडी काढून घेतली. सगळे वर वाकून बघत होते. तो हातांच्या जोरावर वर आला. पुढे सातशे पानं तो तेच करत राहतो आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी वाकून बघत असतं.

कारोवा रस्त्यानं उतरलो. इथला वळणदार पूल 1904 चा, म्हणजे वोकुल्स्कीनंतरचा. पोविश्ले आता महागडी वस्ती आहे, कॉफीची दुकानं, सायकली. लेकीला इथे भाड्यानं घर परवडलं नाही. दोब्रा रस्त्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, 1999 चं. त्याच्या दर्शनी भिंतीवर हिरव्या पडलेल्या तांब्याच्या प्रचंड पाट्या, पुस्तकाच्या उघड्या पानांसारख्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या. मी अरबी बघितली, हिब्रू बघितली, आणि बायकोनं दंडाला चिमटा काढला. देवनागरी! संस्कृत मजकूर आहे. अर्थ नीट लागला नाही, पण आडव्या शिडीच्या दांड्यावर आपली अक्षरं बघून तिनं चक्क भिंतीला हात लावून नमस्कार केला.

ग्रंथालयाच्या गच्चीवर बाग आहे, फुकट. वर गेल्यावर मागे उतरण आणि पुढे नदी. शिडी शोधली. पायऱ्या मोजायचा प्रयत्न केला. नवीन इमारतींनी निम्म्या झाकल्यात. "दोब्रा म्हणजे काय गं?" मी विचारलं. "चांगली," लेक म्हणाली.

दिवस चौथा, रविवार

रविवारी इथे दुकानं बंद. 2018 पासून कायदाच आहे, वर्षातले मोजके रविवार सोडून. पण त्यात एक बारीक मेख, मालक स्वतः गल्ल्यावर उभा राहणार असेल तर उघडं ठेवता येतं. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात पन्नाशीचा माणूस एकटाच उभा होता. आम्ही दूध घेतलं. मी त्याला खुणेनं विचारलं, मालक? त्यानं छातीवर हात ठेवला. मीही ठेवला. लेक लाजेनं बाहेर जाऊन उभी राहिली.

मग वाझेन्की बाग. शेवटचा राजा स्तानिस्वाव ऑगुस्त याची. चेस्टनटची फळं टपाटप पडत होती, मोर फिरत होते, लालसर खारी हातातलं खायला येतात. त्यांना हाक मारायची 'बाशा, बाशा' म्हणून. शोपँच्या पुतळ्यापाशी उन्हाळ्यात दर रविवारी पियानोवादन होतं, सप्टेंबर संपेपर्यंत. आम्हाला शेवटच्यांपैकी एक मिळालं. माणसं गवतावर पडून ऐकत होती.

बागेच्या कडेनं उयाझ्दोव्स्के हा रुंद रस्ता जातो. वेंत्स्की कुटुंब या बाजूला आठ खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचं. वोकुल्स्की या बागेत इझाबेलाला गाठायचा. ती येणार म्हणून आधी येऊन येरझाऱ्या. तिच्या बापाशी पत्ते खेळून मुद्दाम हरायचा, त्यांच्या हुंड्या विकत घ्यायचा. त्यांचं घर लिलावात निघालं तर जाणकार सांगत होते त्याच्या कितीतरी वर, 90 हजार रूबलला, दुसऱ्याला पुढे करून घेतलं. व्यापारी म्हणून माझा जीव वरखाली झाला. बाप मात्र कुरकुरला, घराला याहून जास्त यायला हवे होते म्हणून.

बाकावर बायकोनं बाजू मांडली. तिची चारशे पानं झाली होती. "तिला लहानपणापासून सांगितलं, की जगात दोन तऱ्हेची माणसं. एक आपली आणि एक काम करणारी. तिला तो लाल पडलेल्या हातांचा माणूस दिसतो, दचकते. यात ती दुष्ट कुठं झाली? आणि तो तरी तिला बघतो का? शोकेसमधलं बघतो."

"म्हणून बाहुली," मी म्हणालो, फार शहाणपणानं. तर तसं नाही. नाव इझाबेलावरून नाही. कादंबरीत एका खऱ्याखुऱ्या बाहुलीच्या चोरीचा खटला आहे. एक जमीनदारीण बाई गरीब शिकवणीवालीवर आळ घेते. तसा एक खटला व्हिएन्नात झाल्याचं प्रुसनं वाचलं होतं आणि त्यावरून त्याला कादंबरी जुळली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. शीर्षक त्याला खरं म्हणजे 'तीन पिढ्या' असं ठेवायचं होतं. लोकांनी मात्र बाहुली म्हणजे इझाबेला असंच धरलं. बायको म्हणाली, "लोक धरणारच."

संध्याकाळी आंदेर्स रस्त्याकडे गेलो. इथे जवळच जुना नालेव्की रस्ता होता, ज्यू व्यापाऱ्यांचा. कादंबरीत शेवटी वोकुल्स्कीचं दुकान तिथलाच ज्यू कारकून श्लांगबाउम विकत घेतो आणि बाकीचे कारकून नाकं मुरडतात. प्रुस ते नाक मुरडणं झाकत नाही. आता दगडी फरशीत ट्रामचे जुने रूळ उरलेत, कुठेही न जाणारे. आजूबाजूचं सगळं 1943 मध्ये, जर्मनांनी ज्यू वस्ती पाडली तेव्हा गेलं.

तिथून थोड्या अंतरावर दुसऱ्या महायुद्धातल्या माँते कासिनोच्या लढाईचं स्मारक आणि त्याच्याजवळ कोल्हापूरचं. हो, आपलं कोल्हापूर. 1943 ते 48 वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. 1940-41 मध्ये सोव्हिएत राजवटीनं त्यांना सैबेरियात आणि मध्य आशियात हाकललं होतं, तिथून फिरत फिरत पंचगंगेच्या काठाला आले. वोकुल्स्की ज्या दिशेला गेला त्याच दिशेला ऐंशी वर्षांनी ही माणसं गेली. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी इथे फुलं वाहिली, तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं. छावणीच्या जागी नंतर सिंधी निर्वासित वसले, त्याचं गांधीनगर झालं, आणि गांधीनगरची घाऊक कापडपेठ. माझा निम्मा माल तिथून येतो. त्या बराकींच्या जागेवर मी आयुष्यभर तागे मोजले. पोलंडशी माझा संबंध लेकीमुळे आला असं मी समजत होतो.

दिवस पाचवा, सोमवार

स्कियेर्नेवित्से. वॉर्सापासून रेल्वेनं तासाभरावर. बघण्यासारखं काय आहे, असं लेकीनं विचारलं. म्हटलं, फलाट.

वॉर्सा-व्हिएन्ना रेल्वेचा पहिला टप्पा 1845 मध्ये सुरू झाला. वोकुल्स्की, इझाबेला, तिचा बाप आणि तिचा लांबचा भाऊ स्तार्स्की एकाच डब्यात क्राकूव्हला निघालेत. साखरपुडा झाल्यात जमा. इझाबेला आणि स्तार्स्की इंग्रजीत बोलू लागतात, कारण या दुकानदाराला इंग्रजी कुठून येणार? त्यानं मात्र तिच्यासाठीच इंग्रजी शिकून घेतलंय. त्याची टवाळी, त्यांची लाडीगोडी, त्यानं दिलेलं लॉकेट झटापटीत कसं हरवलं, सगळं त्याच्या कानावर पडतं. तार आल्याचं निमित्त करून तो स्कियेर्नेवित्सेला उतरतो आणि निरोप इंग्रजीत घेतो.

"पोरांसमोर बोलायचं नसलं की आपण काय करायचो?" बायको म्हणाली.

लेक म्हणाली, "इंग्रजीत बोलायचात. मला पहिलीपासून सगळं कळत होतं."

आम्ही दोघं खिडकीबाहेर बघायला लागलो.

स्टेशन जुनं, देखणं आहे. फलाटाच्या टोकाला गेलो. रात्री वोकुल्स्की इथे कुठेतरी रुळावर आडवा झाला. त्याला ओढून काढणारा रेल्वेचा रखवालदार निघाला विसोत्स्की. याच्या भावाला, पोविश्लेतल्या घोडा मेलेल्या गाडीवानाला, वोकुल्स्कीनं घोडा घेऊन दिला होता आणि याची बदली शब्द टाकून इथे करवली होती. सरदार मंडळींनी त्याला डब्यातून उतरवलं आणि उतरणीखालच्या माणसानं रुळावरून उचललं. प्रुस यावर एक अक्षर भाष्य करत नाही. मालगाडी गेली, फार लांब. मी डबे मोजत होतो, चाळिसाला चुकलो.

दिवस सहावा, मंगळवार

पाऊस. पोवाँझ्की दफनभूमीत अर्धा तास. प्रुसची कबर सापडली, कारण दगडाला बिलगलेली एक लहान मुलगी लांबूनच दिसते. खाली फक्त दोन शब्द, 'हृदयांचं हृदय', एवढाच अर्थ. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. सांभाळलेल्या मुलानं 1904 मध्ये अठराव्या वर्षी स्वतःवर गोळी झाडून घेतली. बायकोनं मुलीच्या दगडी पायावरची पानं बाजूला केली. उरलेला दिवस घरी, ज्वारीच्या पिठाचं थालीपीठ.

दिवस सातवा, बुधवार

नावेंचूफ, लुब्लिनजवळचं औषधी पाण्याचं गाव. प्रुस 1882 पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात इथे यायचा. स्टेशन गावापासून लांब आहे हे आधी कुणी सांगत नाही. बस नुकतीच गेली होती, म्हणून चालत निघालो आणि शेवटी एका भल्या माणसानं गाडीत घेतलं.

मावाखोव्स्की वाड्यात त्याचं संग्रहालय आहे. खोल्या छोट्या. बाहेर बाकावर प्रुस बसलाय, काशाचा, शेजारी जागा ठेवून. मी बसलो. लेकीनं फोटो काढला. त्याच्या बाजूला बसून मी वोकुल्स्कीची तक्रार करणार होतो, की एवढा हिशोबी माणूस, एवढा कसा बुडाला. मग आठवलं, दिवाणजींचा पगार मी शेवटची दहा वर्षं वाढवला नव्हता, आणि त्यांनी मागितला नव्हता.

गावात पाणी प्यायला मिळतं, चव लोखंडाची. बायकोनं दोन पेले प्यायले, फुकट म्हणून.

परतीच्या गाडीत ती शेवटच्या पानांवर होती. आम्ही दोघं गप्प, वाट बघत. झेत्स्की मेला, तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला. वोकुल्स्की मात्र गायब असतो. ज्या पडक्या किल्ल्याच्या दगडावर त्यानं इझाबेलासाठी कविता कोरून घेतली होती, तो किल्ला सुरुंगानं उडालाय. कुणी म्हणतं तो परदेशी गेला. त्याचा डॉक्टर मित्र म्हणतो, सरंजामशाहीच्या ढिगाऱ्याखाली चिरडून मेला.

लुब्लिनकडून आलेली गाडी वॉर्सात शिरत होती. तिनं पान उलटलं. पुढे कोरं पान. परत मागे आली, मग पुस्तक उलटं करून पुठ्ठा बघितला.

"अहो, पानं कमी आहेत का यात? दुकानदाराला नीट बघून घेता येत नाही?"

"तिनं पाठवलंय," मी लेकीकडे बोट केलं.

"मग तो मेला का जिवंत आहे?"

लेकीनं खांदे उडवले. बायकोनं पिशवीतून माझी पोलिश प्रत काढली, शेवटचं पान उघडलं, आणि न येणाऱ्या भाषेतल्या ओळींवरून बोट फिरवत त्यात तरी जास्त काही लिहिलंय का ते मोजायला लागली.